यंत्रावर गर्दी

"सूनबाई, खुब्याचं हाड वर येतं की खाली? उलटं लागायला नको."

आप्पांच्या तोंडात चार खिळे होते, त्यामुळे एवढं विचारायलाही त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली. ते चुलीशेजारच्या उंच स्टुलावर बसले होते. डावा पाय वाकवलेला, उजवा समोर ताठ सोडलेला. तो आता वाकतच नसे. मांडीवर फरशी पुसायचा दांडा आडवा आणि दांड्यावर त्यांच्याच कमरेची काळीकुट्ट क्ष-किरण फिल्म.

"तुमचं नाव आहे तो कोपरा वर," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. डब्याचं झाकण बसत नव्हतं, आणि बसत नसलेल्या झाकणाकडे बघत राहणं तिला सोयीचं होतं.

"आजोबा, लोकांना काय कळणार त्यातलं?" नात केसांना रबर लावत म्हणाली. "काळ्या कागदावर पांढरं धुकं. त्यापेक्षा माझी घोषणा लिहा. ऐका. खोकला तरी पावती, मेला तरी पावती, सांगा तुमच्या दवाखान्यात यंत्रं कधी धावती?"

"यंत्रं धावत नसतात, भोंगा."

"यमक जुळलं ना? मग धावतात."

आप्पांनी नातीचं नाव भोंगा ठेवलं त्याला पंधरा वर्षं झाली होती. जन्मली तेव्हा ती अशी काही रडली म्हणे, की शेजारच्या माणसाने गिरणीची पाळी सुटली समजून जेवायचा डबा उघडला. आठ दिवसांपासून मात्र त्या नावाचं सार्थक झालं होतं. शाळेतला पत्र्याचा कर्णा घेऊन ती मोर्चाच्या पुढे चालत होती, आणि जी माणसं कधी कुठल्या गोष्टीला हूं की चूं करत नव्हती, ती तिच्या मागून ओरडत होती.

मोर्चा होता आरोग्य कराविरुद्ध. वर्षात तिसऱ्यांदा वाढला होता. आधी तो साबणावर आणि काडेपेटीवर होता. मग बसच्या तिकिटावर आला, मग सायकलच्या ट्यूबवर, आणि आता शाळेच्या वह्यांवर. प्रत्येक पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असे : 'आपल्या जिल्ह्यातील आरोग्यसेवेसाठी.' जिल्ह्यातली आरोग्यसेवा म्हणजे एक दवाखाना. दवाखान्यात दोन डॉक्टर, त्यातला एक नेहमी रजेवर. पंचवीस खाटा, त्यातल्या सहा भिंतीला टेकवून ठेवलेल्या. आणि एक क्ष-किरण यंत्र, जे तीन वर्षं आणि दोन महिने मेलेलं होतं.

ते यंत्र सांभाळायची नोकरी सूनबाईची. गावात तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. फोटोबाई. 'फोटोबाई, माझ्या मनगटाचा फोटो काढता का?' 'फोटोबाई, छातीचा फोटो काढायला शर्ट काढावा लागतो का हो?' एक काळ होता, दिवसाला तीस-तीस फोटो काढायची ती. आता ती चिठ्ठ्या लिहायची.

"तू आज येशील ना बाहेर?" आप्पांनी शेवटचा खिळा ठोकला. "राजधानीचा साहेब येणार आहे. मी त्याला विचारणार. सरळ विचारणार. कर घेता, यंत्र का देत नाही? आणि तो नाही म्हणाला तर तू सांग. तुझ्यापेक्षा कोणाला जास्त माहीत आहे?"

"मला ड्युटी आहे, आप्पा."

"ड्युटी," आप्पा म्हणाले. "झाकलेल्या यंत्राला वारा घालायची."

ते हसले. भोंगाही हसली. सूनबाई हसली नाही. तिने झाकण इतक्या जोरात दाबलं की डब्याचा कान वाकला.

*

आता यातली खरी गोम सांगायला हवी, कारण घरात ती कोणालाच माहीत नव्हती.

यंत्रातली किरण सोडणारी नळी जळली त्या महिन्यात तिने अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं होतं : 'यंत्राची स्थिती – बंद.' महिन्याच्या महिन्याला राजधानीला एक कागद जायचा, त्यात हा एक रकाना होता आणि खाली तिची सही. पंधरा दिवसांत उत्तर आलं. नळी नाही, उत्तर. 'बंद यंत्रावर तंत्रज्ञाचे पद ठेवता येत नाही. पद रद्द करून खोली कर विभागाला देण्यात यावी.'

कर विभाग त्याच इमारतीत मागच्या बाजूला होता. त्यांच्याकडे गुबगुबीत खुर्च्या होत्या, दोन संगणक होते आणि एक जनरेटर होता. गावात वीज गेली की प्रसूतीच्या खोलीत कंदील लागायचा आणि कराच्या खिडकीत पंखा फिरायचा. वसुली थांबता कामा नये ना.

मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली, आणि ती वर्षं तो तिकिटाच्या रांगेतल्या माणसासारखा मोजत होता. म्हणाले, "बाई, एक महिना 'चालू' लिहा. पद वाचेल. तोवर मी नळी मागवतो."

तिने लिहिलं. नवरा राजधानीत मालगाडीवर, दोन महिन्यांतून एकदा घरी. त्याचे पैसे आले तर आले. आप्पांची पेन्शन औषधांत जायची. एक महिन्याचा तर प्रश्न होता.

पण चालू यंत्राला नळी कोण पाठवणार?

हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. कळल्यावरही तिने सही केली. चौथ्या महिन्यात केली. मग ती सही ती पगाराच्या सहीबरोबरच उरकायला लागली, म्हणजे दोनदा पेन उघडायला नको.

येणाऱ्या रुग्णांना राजधानीला पाठवायचं तर चिठ्ठीवर कारण लिहावं लागे, आणि तिची एक प्रत अहवालासोबत जाई. यंत्र चालू असताना रुग्ण बाहेर का पाठवता? डॉक्टरांनी त्यावरही तोड काढली. म्हणाले, "लिहा : यंत्रावर गर्दी." मग तिने लिहिलं. मनगट मोडलेल्या गवंड्याला लिहिलं. झाडावरून पडलेल्या पोरीला लिहिलं. रक्त थुंकणाऱ्या शिंप्याला लिहिलं, आणि तो बसमध्येच गेला. यंत्रावर गर्दी. यंत्रावर गर्दी. सगळा गाव मुकाट्याने चिठ्ठी घ्यायचा. वाचायचा कोण? सगळ्यांनाच माहीत होतं की यंत्र मेलंय. माहीत नव्हतं ते फक्त राजधानीला, आणि का माहीत नव्हतं, हे माहीत होतं फक्त दोघांना.

मग गेल्या वर्षी आप्पा न्हाणीघरात घसरले.

आप्पांनी चाळीस वर्षं रोलर चालवला. राजधानीला जाणारा रस्ता त्यांनी स्वतः दाबून सपाट केलेला. त्यांना सांगा कुठला मैल, ते सांगतील तिथे खडी कुठल्या खाणीतून आली. तो रस्ता गेल्या दहा वर्षांत कोणी दुरुस्त केला नव्हता. डॉक्टरांनी आप्पांची कंबर दाबून बघितली आणि म्हणाले, "मुरगळलं असेल." फोटो नाही म्हटल्यावर 'असेल' हेच त्यांचं निदान होतं. सहा दिवस आप्पा 'असेल'वर काढत होते. सातव्या दिवशी बस मिळाली. नऊ तास. त्या नऊ तासांत आप्पा एकदाच बोलले म्हणे. एका मोठ्या आदळ्यानंतर डोळे मिटूनच म्हणाले, "हा पुलाच्या अलीकडचा. इथे मी दोन थर टाकले होते."

राजधानीच्या डॉक्टरांनी फिल्म काढली आणि सांगितलं, हाड सरकून जुळायला लागलंय, आठवडाभर आधी आणायला हवं होतं.

आप्पांची चिठ्ठी तिनेच लिहिली होती. स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात. कारण : यंत्रावर गर्दी. आप्पांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.

*

दवाखान्याच्या आवारात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्हावी दुकान बंद करून आला होता, शाळेचे शिक्षक आले होते, पावाच्या भट्टीवाली बाई हाताला पीठ तसंच ठेवून आली होती. कराची खिडकी आतून बंद होती आणि वीज असूनही जनरेटर मात्र चालू होता. त्याचा घरघराट ऐकून लोकांचं डोकं आणखीच फिरत होतं.

"ऐका," भट्टीवाली म्हणत होती, "आपल्या पैशाचं तेल पितोय तो. अन् माझ्या बहिणीचं पोर कंदिलात जन्माला आलं."

"दिसलं तरी का पोर?" न्हाव्याने विचारलं.

"रडलं म्हणून कळलं."

फोटोबाई मागच्या दाराने आत गेली. मोठे डॉक्टर व्हरांड्यात तिची वाट बघत उभे होते. त्यांनी नवा कोट घातला होता आणि कोटाच्या बाहीवरचं कागदी लेबल काढायचं राहिलं होतं.

"बाई, दहा मिनिटांचं काम आहे. साहेब व्हरांड्यातून जातील. तुम्ही आत बसा, दार आतून लावा आणि लाल दिवा लावा."

"लाल दिवा?"

"दिवा चालतो ना?"

दिवा चालत होता. फोटो काढताना दारावर लागतो तो दिवा. लागला की कोणी आत यायचं नाही, हा जगभरचा नियम. यंत्र मेलं तरी त्याची वायर निराळी होती. तिने दर आठवड्याला तो पुसलाही होता. का पुसला होता, कोण जाणे.

"आणि साहेबांनी विचारलं, आत काय चाललंय?"

"आत पेशंट आहे."

"आत कोण असेल, डॉक्टर?"

"तुम्ही असाल," डॉक्टर म्हणाले, आणि मग तिच्या डोळ्यांत न बघता, जरा हळू, "बाई, माझी दोन वर्षं राहिलीत. तुमची बावीस आहेत. खोट्या अहवालाला काय शिक्षा असते ते मी तुम्हाला सांगायला नको. सही माझी नाही त्यावर."

तिने आत जाऊन दार लावलं आणि बटण दाबलं. दारावरच्या काचेतून लाल उजेडाची एक पट्टी छतावर पडली.

खोली स्वच्छ होती. तिच्याइतकी स्वच्छ खोली अख्ख्या दवाखान्यात नव्हती. यंत्रावर पांढरी चादर. ती दर शनिवारी घरी नेऊन धुवायची आणि सोमवारी परत घालायची. खुंटीवर शिशाचा जड एप्रन. काचेमागे बटणाचा खोका. भिंतीवर तिनेच पूर्वी चिकटवलेला कागद : 'हलू नका. मी सांगेन तेव्हा श्वास घ्या, रोखा आणि सोडा.' ती स्टुलावर बसली. बसून आपल्याच खोलीत चोरासारखी कान देऊन ऐकत राहिली.

आधी भोंगा ऐकू आली. अर्थात. "राजधानीला दवाखाना!" आणि मागून तीनशे माणसं : "आम्हाला बहाणा!" भिंतीवरचा कागद थरथरला. पोटच्या पोरीचा आवाज असा भिंतीतून येतो तेव्हा आईला अभिमान वाटायला हवा. तिने स्टूल भिंतीपासून दूर ओढलं.

मग गाडीचे दरवाजे. मग एक मऊ, धुतलेला आवाज, दाराच्या इतका जवळ की साहेब व्हरांड्यातच उभे आहेत हे तिला कळलं.

"मंडळी, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण चार गोष्टी शांतपणे बघू. कुणाचं काही विशिष्ट गाऱ्हाणं?"

"माझं आहे," आप्पा म्हणाले.

काठीचा ठक् आणि पायाचा सर्र. ठक्, सर्र. हा आवाज ती वर्षभर झोपेतसुद्धा ओळखत होती.

"हे बघा, साहेब. हे माझं हाड आहे. असं उन्हात धरलं की दिसतं. हे इथे सरळ हवं होतं, ते असं गेलंय. इथे यंत्र चालू असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

"ही फिल्म कुठे काढली?"

"राजधानीत."

"म्हणजे सोय तर झाली ना, आजोबा."

कोणीतरी शिवी हासडली. न्हावी असावा. साहेबांनी ती ऐकली नाही. अशा माणसांचे कान चाळणीसारखे असतात. कागद उलटल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे या दवाखान्याची फाइल आहे. क्ष-किरण यंत्र. मागील महिना, चालू. त्याआधी, चालू. त्याआधी, चालू. सदतीस महिने चालू, एकही दिवस बंद नाही. उलट या चिठ्ठ्या बघा. गवंडी : यंत्रावर गर्दी. शिंपी : यंत्रावर गर्दी. अहो, तुमच्या यंत्राला उसंत नाही इतकं काम आहे. हे सगळं तुमच्या करातूनच चाललंय ना?"

रागाने माणूस ओरडतो, पण इतक्या स्वच्छ खोट्यापुढे त्याची वाचाच बसते.

"कोणी लिहिलंय हे?" भोंगाचा आवाज. कर्ण्यातून नाही, साधा. "कोणी सही केलीय त्यावर?"

"इथल्या तंत्रज्ञ बाईंची सही आहे."

"शक्यच नाही," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम उजळला, जसा वाद जिंकल्यावर उजळायचा. "शक्यच नाही, साहेब. ती माझी सून आहे. भाजीवाल्याने चुकून एक जुडी जास्त दिली तर परत द्यायला जाते ती. बोलवा तिला. समोरासमोर विचारा."

"डॉक्टर, कुठे आहेत बाई?"

"आत आहेत, साहेब. पेशंट आहे आत."

"बघा," साहेब म्हणाले. "लाल दिवा. आत्ता या क्षणालासुद्धा काम चालू आहे."

ठक्, सर्र. आप्पा दारापाशी आले.

ती दाराच्या आत उभी होती; कधी उठली ते तिला आठवत नव्हतं. दाराच्या त्या बाजूला, हातभर अंतरावर, एक म्हातारा लाल दिव्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं की आत पेशंट असू शकत नाही. दिवा आपोआप लागत नाही, हेही त्याला माहीत होतं. चाळीस वर्षं यंत्र चालवलेला माणूस होता तो.

"आजोबा?" साहेब म्हणाले. "खोटं बोलायचं हे वय आहे का?"

जनरेटर घरघरत होता. काठी एकदा वाजली.

"असेल, साहेब," आप्पा म्हणाले. "माझंच चुकलं असेल. म्हातारा माणूस, काहीतरी बरळलो."

"आजोबा," भोंगा म्हणाली.

"गप बस. यंत्र चालू असेल. तिने लिहिलंय म्हणजे असेल."

आप्पांनी आयुष्यात कधी 'असेल' म्हटलं नव्हतं. रस्ता दबला की दबला, नाही दबला की नाही दबला. गर्दीतून कुजबुज उठली. "म्हातारा फिरला." "सुनेची नोकरी सांभाळतोय." "विकला गेला." आठ दिवस ज्या माणसाला त्यांनी पुढे बसवलं होतं, त्याच्यावर ते शब्द फेकलेल्या लिंबाच्या सालींसारखे पडत होते, आणि तो सोसत उभा होता, एका सरळ आणि एका वाकड्या पायावर.

तिला राग आला. असा, की आधी साहेबांचा आला, मग डॉक्टरांचा, त्यांच्या बाहीवरच्या लेबलाचा, जनरेटरचा, मग त्या सगळ्यांना मागे टाकून तिचा स्वतःचा आला आणि त्याने तिचा हात उचलून बटणावर नेला. लाल पट्टी छतावरून गेली. तिने कडी काढली.

*

"आत या," ती म्हणाली.

डॉक्टर घाईने पुढे झाले. "बाई, पेशंट आहे ना आत? तपासणी चालू असताना..."

"आत कोणी नाही, डॉक्टर. तीन वर्षं कोणी नाही. साहेब, तुम्ही या. सगळे या. जागा भरपूर आहे, गर्दी नसते इथे."

साहेब आत आले, कारण मागून तीनशे माणसांचा रेटा होता आणि त्याला चाळणीचे कान कामाला येत नाहीत. तिने यंत्रावरची चादर ओढली. धुतलेल्या कापडाचा वास सुटला. खाली यंत्र होतं, लखलखीत, बाजूचं झाकण उघडं, आणि नळीच्या जागी एक काळं भोक.

साहेबांनी फाइल तिच्यापुढे धरली. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "ही सही तुमची?"

"माझी."

"सगळ्या?"

"सदतीस. आणि चिठ्ठ्यासुद्धा. पहिल्या महिन्यात मी 'बंद' लिहिलं होतं, त्यावर तुमच्या कचेरीचं उत्तर आलं होतं. ते लावलंय का फाइलला?"

साहेबांनी पानं उलटली नाहीत.

"मग ते मी देते. माझ्याकडे आहे. पण बाकीच्या माझ्याच. कोणी माझा हात धरून करून घेतल्या नाहीत."

दारातून भट्टीवाली बाई पुढे आली. तिने पिठाचा हात पदराला पुसला, पुन्हा पुसला. "शिंप्याच्या चिठ्ठीवर पण तूच लिहिलंस? त्याची बायको माझ्या शेजारी राहते."

"हो."

"आणि रोज माझ्याकडून पाव नेत होतीस."

तिने मुलीकडे बघितलं. भोंगाच्या हातातला कर्णा खाली गेला होता. तिचा चेहरा असा कोरा झाला होता की त्यावर आईला काहीच वाचता येईना. आठ दिवस त्या पोरीने 'कोण खोटारडा?' असं ओरडून घसा बसवला होता.

"सरका जरा," मागून आवाज आला.

ठक्, सर्र. माणसं बाजूला झाली. आप्पांनी आत येऊन फिल्मचा दांडा नातीच्या हातात दिला आणि काठी यंत्राखालच्या लांब टेबलाला टेकवली. मग त्यांनी टेबलावर चढायला सुरुवात केली.

ती आधार द्यायला पुढे झाली. आप्पांनी तिचा हात बाजूला केला. झिडकारला नाही, दार ढकलावं तसा, न बघता. पहिल्यांदा त्यांना जमलं नाही. दुसऱ्यांदा कोपर घसरलं. खोलीत इतकी माणसं होती आणि कोणाची पुढे यायची हिंमत झाली नाही. तिसऱ्यांदा ते चढले, हळूहळू आडवे झाले, टोपी काढून छातीवर ठेवली.

"काढ फोटो," ते म्हणाले.

"आप्पा..."

"त्या दिवशी काढला नाहीस. आज काढ."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हे पाहा, मुद्दा माझ्या लक्षात आलाय. बाईंवर चौकशी होईल, योग्य ती..."

ती खुंटीकडे गेली. शिशाचा एप्रन उतरवला, घातला, मागची नाडी बांधली. तो जड होता. ती विसरूनच गेली होती किती जड. टेबलापाशी येऊन तिने आप्पांचा पायजमा नीट केला, खांदे सरळ केले, रोज तीस वेळा करायची तसे, आणि काचेमागे जाऊन उभी राहिली.

"हलू नका," ती म्हणाली.

तिचा तो आवाज गावात प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला होता. गवंड्याने ऐकला होता, न्हाव्याने, भट्टीवालीने. भोंगाने तर पाळण्यातून उतरल्यापासून. पोरं घरी डॉक्टर-डॉक्टर खेळताना त्याची नक्कल करायची.

"श्वास घ्या. रोखून धरा."

आप्पांनी छाती भरून घेतली. टोपी वर आली आणि तिथेच थांबली. आणि त्यांच्याबरोबर दारातल्या माणसांनीही श्वास रोखला, व्हरांड्यातल्यांनी, कसं झालं कोणालाच सांगता आलं नसतं. भोंगाने डोळे मिटले होते आणि गाल फुगवले होते, लहानपणी फुगवायची तसे.

तिने बटण दाबलं.

टक् असा आवाज झाला. बस. पूर्वी त्या आवाजामागून यंत्र गुरगुरायचं आणि तिच्या पायांखालची फरशी हलायची. आता फक्त लांबून जनरेटर ऐकू येत होता.

"ठीक आहे, बाई, बघितलं मी," साहेब म्हणाले आणि दाराकडे वळले. दारातलं कोणी बाजूला झालं नाही.

"हलू नका, साहेब," ती काचेमागून म्हणाली. "मी अजून 'सोडा' म्हटलेलं नाही."

साहेब थांबले. कुठे बघावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर आप्पांचे दोन पाय होते. डाव्या पायाची बोटं छताकडे होती. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं, टाच डाव्यापेक्षा दोन बोटं वर, मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर. आणि तो अंगठा नेमका दाराकडे, राजधानीच्या रस्त्याकडे होता.

ते दिसायला फोटोची गरज नव्हती. तिने बटणावरचं बोट काढलं नाही.